जुगाराचा नाद: ओळखायचा कसा, मदत घ्यायची कोणत्या क्रमाने

जुगाराचं व्यसन घरच्यांना फार उशिरा कळतं. दारूचा वास येतो, पाय लटपटतात. इथे तसं काहीच नसतं. माणूस वेळेवर कामाला जातो, घरी येतो, सगळ्यांसोबत जेवतो, आणि घर झोपल्यावर पांघरुणात फोन धरून महिन्याचा पगार पहाटेपर्यंत संपवतो. सकाळी तो जरा गप्प असतो, एवढंच काय ते दिसतं. एखाद्या दिवशी वसुलीवाल्याचा फोन घरातलं दुसरं कुणीतरी उचलतं आणि सगळं एकदम बाहेर पडतं. तोवर कर्ज चार-पाच ठिकाणी पसरलेलं असतं.

हा लेख दोघांसाठी आहे: ज्याला स्वतःबद्दल शंका येते आहे त्याच्यासाठी, आणि ज्याला आपल्या माणसाबद्दल येते आहे त्याच्यासाठी. पायऱ्यांचा क्रम मी विचारपूर्वक लावला आहे. बहुतेक घरं पहिल्याच झटक्यात सगळं कर्ज फेडून टाकतात, मग शपथा घ्यायला लावतात आणि उपचाराचं नाव तिसऱ्या-चौथ्या खेपेला काढतात. तिथेच घात होतो. या दुखण्याचा जीव एका विचारात आहे: ‘गेलेले पैसे मी परत मिळवीन.’ हा विचार जोवर जिवंत आहे तोवर फेडलेलं कर्ज म्हणजे पुढच्या डावासाठी मोकळी झालेली जागा असते.

हे नेमकं काय आहे

अक्कल कमी म्हणून किंवा हाव जास्त म्हणून लोक यात अडकतात, असा समज आहे. तसं असतं तर आकडेमोडीत तरबेज असलेली, एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसं यात सापडली नसती. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेत याची आजार म्हणून पहिल्यांदा नोंद केली. तेव्हा तो आवेग न आवरण्याच्या विकारांत होता. २०१३ च्या आवृत्तीत तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत घेतला गेला, कारण मेंदूत दिसणारे बदल, वाढत जाणारी मात्रा आणि बंद केल्यावर होणारी तगमग यांत फार साम्य आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही तो व्यसनांमध्येच आहे.

नाद लागतो कसा, हे समजलं की स्वतःवरचा आणि आपल्या माणसावरचा राग थोडा कमी होतो. बक्षीस दर वेळी मिळालं तर माणूस कंटाळतो, कधीच मिळालं नाही तर सोडून देतो. कधी मिळेल याचा नेम नसला की मात्र सोडवत नाही. सगळे जुगार यावरच उभे आहेत. त्यात यंत्रं आणि अ‍ॅप आणखी दोन गोष्टी करतात. एक, ‘थोडक्यात हुकलं’ असं दाखवतात: तीनपैकी दोन चित्रं जुळतात आणि तिसरं एक घर पुढे जाऊन थांबतं. हा डाव निव्वळ हरलेला असतो, पण मेंदूच्या स्कॅनमध्ये जिंकल्यावर जे भाग जागे होतात त्यांतले काही अशा हुकलेल्या डावातही जागे झालेले दिसले आहेत. दुसरं, शंभर लावून तीस परत आले तरी दिवे लागतात, गाणं वाजतं. सत्तर गेलेले असतात आणि शरीराला वाटतं आपण जिंकलो.

आणि हिशेब? तो तर सरळ आहे. रूलेट म्हणजे कॅसिनोतलं फिरतं चाक; चेंडू कोणत्या आकड्यावर किंवा रंगावर थांबेल यावर डाव लावतात. एकच शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं असतात. एका आकड्यावर लावलेला डाव लागला तर तुमच्या रकमेसकट ३६ पट परत मिळतात. म्हणजे दर शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे चालवणाऱ्याचे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण कुणी शंभर एकदाच लावत नाही. आलेले पुन्हा लावतो, परत आलेले पुन्हा. सगळी रक्कम अशी पन्नास वेळा फिरवली तर शंभराचे सरासरी पंचवीसच उरतात. कौशल्याचा, ‘सिस्टिम’चा, टिप्सच्या ग्रुपचा इथे काही उपयोग होत नाही. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत एका चाकावर काळा रंग ओळीने २६ वेळा आला. ‘आता तरी लाल येणारच’ म्हणून लोक दर फेरीला रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नसतं.

पहिली पायरी: ओळखणं

सुरुवात दोन प्रश्नांनी करा. संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलेली ही छोटी चाचणी आजही वापरली जाते.

१. आपण दिवसेंदिवस जास्त रक्कम लावायला हवी, असं कधी वाटलं आहे का?
२. किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं आहे का?

एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढची तपासणी करायची. पुढची म्हणजे नऊ लक्षणं. तीच मजा यायला रक्कम वाढवावी लागणं. कमी करायचं म्हटलं की चिडचिड, अस्वस्थता. सोडायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणं. मनात सतत तेच: मागचे डाव, पुढचे डाव, पैसा कुठून उभा करायचा. मन उदास, घाबरलेलं किंवा अपराधी असताना खेळायला जाणं. हरलेलं वसूल करायला दुसऱ्या दिवशी परत जाणं. लपवण्यासाठी खोटं बोलणं. नातं, नोकरी किंवा शिक्षण धोक्यात येणं. आणि पैशांच्या अडचणीतून सोडवा म्हणून इतरांपुढे हात पसरणं. गेल्या बारा महिन्यांत यातली चार किंवा जास्त लागू असतील तर डॉक्टर याला विकार म्हणतात. चार-पाच असतील तर सौम्य, सहा-सात असतील तर मध्यम, आठ-नऊ असतील तर तीव्र. एकच सावधगिरी: माणूस फक्त उन्मादाच्या झटक्यात, झोप न घेता, बेफाम बोलत, बेफाम खर्च करत खेळत असेल तर मूळ आजार वेगळा असू शकतो. तो मानसोपचारतज्ज्ञानेच ठरवायचा.

मला विचाराल तर या नऊंत वसुलीसाठी परत जाणं सगळ्यात बोलकं आहे. गंमत म्हणून खेळणारा हरला की उठतो. नाद लागलेला हरला म्हणूनच बसून राहतो. जिंकला तरी उठत नाही, कारण मागचं अजून वसूल झालेलं नसतं.

खेळ कोणता, याने फसू नका. पत्ते, लॉटरी, क्रिकेटवरचा सट्टा, ऑनलाइन रमी, कॅसिनोची अ‍ॅप ही तर आहेतच. शेअर बाजारातले दिवसाच्या दिवसात होणारे आणि ऑप्शनचे सौदे, क्रिप्टोची उलाढाल, यांतही हेच वागणं दिसतं: तोटा झाला की दुप्पट लावणं, घरी खोटं सांगणं, रात्रभर स्क्रीन. नाव ‘ट्रेडिंग’ असल्यामुळे घरचे वर कौतुकही करतात. लहान मुलांच्या व्हिडिओ गेममध्ये पैसे भरून उघडायच्या, आत काय निघेल ते माहीत नसलेल्या पेट्या असतात. त्यांची घडणही तीच आहे.

शंका असेल तर बँकेचं स्टेटमेंट एकदा शांतपणे, पेन घेऊन वाचा. गेल्या सहा महिन्यांचं. शोधायचं काय? एकाच नावाला एकाच रात्री गेलेल्या रकमा: पाचशे, पाचशे, हजार, दोन हजार, पाच हजार, बारा वाजल्यापासून तीनपर्यंत. आकडे वाढत जातात आणि मधलं अंतर कमी होत जातं; वसुलीची धडपड कागदावर अशी दिसते. पगार जमा झाल्यापासून दोन दिवसांत खातं रिकामं. अनोळखी, अर्थहीन नावाच्या कंपन्या. ही अ‍ॅप अनेकदा दुसऱ्याच नावाने पैसे घेतात. छोट्या कर्जाच्या अ‍ॅपकडून आलेल्या रकमा, आणि त्या आल्या त्याच तासात बाहेर गेलेल्या. मित्रांच्या नावाने आलेले पैसे. क्रेडिट कार्डावरून काढलेली रोख. कार्डाच्या व्यवहारांना बँका प्रकारानुसार क्रमांक देतात आणि सट्टा-कॅसिनोचा क्रमांक ७९९५ आहे. बँकेत विचारलं तर असे व्यवहार वेगळे काढून मिळू शकतात.

एक कारण बहुतेकांना ठाऊक नसतं: औषधं. कंपवातासाठी दिली जाणारी प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोलसारखी औषधं आणि मानसिक आजारांत वापरलं जाणारं अरिपिप्राझोल यांमुळे काही जणांना आयुष्यात पहिल्यांदाच जुगाराची अनावर ओढ लागते. अरिपिप्राझोलबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तसा इशाराही दिला. साठी-सत्तरीचा, कधी पत्त्याला हात न लावलेला माणूस अचानक सट्टा खेळू लागला तर आधी त्याच्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मनानेच बंद करू नका, त्याने वेगळाच त्रास होतो. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात, आणि अनेकांची ओढ त्यानंतर जाते.

दुसरी पायरी: जिवाला धोका आहे का, हे आधी पाहा

पैशांच्या आधी हे. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका खरा आहे आणि मोठा आहे, विशेषतः गुपित फुटल्यानंतरच्या काही दिवसांत. ‘माझ्या विम्याचे पैसे तरी तुम्हाला मिळतील’, ‘मी नसलो तर सुटाल सगळे’ असं कुणी बोललं तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा: “तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्याने ते खूळ डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर पडतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं ठेवू नका, कीटकनाशकं, गोळ्यांचा साठा, शस्त्र जवळ राहू देऊ नका, आणि तुमच्या भागातल्या आपत्कालीन क्रमांकावर किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, किंवा थेट रुग्णालयात न्या. हे वाचणारे तुम्ही स्वतः त्या अवस्थेत असाल तर पुढचं वाचणं थांबवा आणि आत्ता एका माणसाला फोन लावा. पैशांच्या प्रश्नावर उद्याही काम करता येतं.

तिसरी पायरी: बोलणं

स्वतःला नाद असेल तर एका माणसाला खरं सांगा. सगळ्यांना नको, एकाला. जो ओरडेल पण पळणार नाही, असा. आणि संपूर्ण आकडा सांगा. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा अर्धा आकडा सांगतो, घरचे तेवढा फेडतात, आणि राहिलेला अर्धा ‘मी बघून घेईन’ म्हणून पुन्हा खेळायला नेतो. बोलणं जमत नसेल तर कागदावर लिहून हातात द्या: कुणाचे किती, कधीपासून, कोणत्या अ‍ॅपवर.

घरच्यांनी बोलताना वेळ निवडा. हरून आलेल्या रात्री नाही, खेळत असताना नाही, मुलांसमोर नाही. हातात स्टेटमेंट असू द्या, पण ते पुरावा म्हणून आपटू नका. बहीण भावाशी असं बोलू शकते:

“दादा, पाच मिनिटं बस. या महिन्यात तीन रात्री तुझ्या खात्यातून पैसे गेलेत, त्याच्या नोंदी मी पाहिल्या. मी भांडायला आलेले नाही. मला तुझी काळजी वाटतेय.”

तो बहुधा म्हणेल, “अगं, तसं काही नाही. पुढच्या महिन्यात सगळं वसूल होतं बघ.”

इथे गणित घालून वाद करायचा मोह होतो. करू नका. तिचं उत्तर एवढंच पुरे: “वसूल नको करूस. ते गेले. आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर.” गेलेले पैसे गेले, हे वाक्य घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा मोठ्याने म्हणावं लागतं. हरलेल्या माणसाला ते स्वतःहून म्हणवत नाही, कारण म्हटलं की खेळायचं कारणच संपतं.

वडील किंवा सासरे असतील तर लहानांचं बोलणं त्यांना लागतं. तिथे त्यांच्या बरोबरीच्या, ज्यांचा शब्द ते मानतात अशा एकाला सोबत घ्या. दहा नातेवाईक बोलावून बैठक भरवू नका; माणूस मान खाली घालून सगळं कबूल करतो आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी सफाईने लपवतो. शपथा घालू नका. शपथ मोडली की खोट्याचा आणखी एक थर चढतो. मागायचंच असेल तर तपासता येईल असं मागा: उद्या बँकेत जायचं, गुरुवारी डॉक्टरांची वेळ घ्यायची.

चौथी पायरी: पैशांच्या वाटा बंद करणं

हे उपचाराच्या आधी, निदान त्याच आठवड्यात झालं पाहिजे. ओढ आली आणि हाताशी पैसा नसला तर ती निघून जाते. पैसा असला तर दोन मिनिटांत डाव लागतो. सगळं त्या माणसाच्या संमतीने आणि त्याच्यासोबत बसून करा. हिसकावून घेतलेली कार्डं नव्याने काढता येतात.

पगार अशा खात्यात जाऊ द्या ज्याचा व्यवहार विश्वासातली दुसरी व्यक्ती पाहते. रोजच्या खर्चापुरती रोख हातात. क्रेडिट कार्ड रद्द, ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसतानाही खात्यातून पैसे काढायची सोय) बंद, कर्जमर्यादा शून्यावर. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर बदलून दुसऱ्या व्यक्तीचा. वॉलेटमधली शिल्लक काढून खाती बंद. दुसरं सिम, जुना फोन, ऑफिसचा लॅपटॉप हेही विचारा. खिडकी तिथे उघडी राहते. मुदत ठेवींच्या पावत्या, घराची कागदपत्रं, दागिने, ओळखपत्रांच्या मूळ प्रती घरातल्या दुसऱ्या जागी हलवा. संयुक्त खातं असेल तर दोघांच्या सहीशिवाय रक्कम निघणार नाही असं करून घ्या. पतपुरवठ्याचा अहवाल (क्रेडिट रिपोर्ट, ज्यात नावावरची कर्जं दिसतात) मागवून माहीत नसलेली कर्जं आहेत का ते पाहा, आणि जोडीदाराच्या नावाचा अहवालही मागवा.

आता अ‍ॅप. नुसतं अ‍ॅप काढून टाकणं म्हणजे काहीच नाही. खातं तसंच राहतं आणि चार दिवसांनी ‘तुमच्यासाठी बोनस’ असा मेसेज येतो. क्रम असा ठेवा: शिल्लक काढून घ्या, खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतःला वगळण्याची, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत आपल्याला खेळूच न देण्याची, सोय शोधा, उपलब्ध असलेली सर्वांत मोठी मुदत निवडा, मग खातं कायमचं बंद करायला लेखी कळवा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. काही देशांत एकाच नोंदणीने सगळ्या परवानाधारक कंपन्या तुम्हाला रोखतात. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सट्ट्यासाठी गॅमस्टॉप ही तशी योजना आहे. परवाना नसलेल्या साइट मात्र कशालाच जुमानत नाहीत, म्हणून फोनवर आणि कॉम्प्युटरवर सट्ट्याच्या साइट अडवणारं सॉफ्टवेअर हवं. बेटब्लॉकर मोफत मिळतं, गॅमबॅन पैसे भरून. घरातल्या प्रत्येक उपकरणावर टाका आणि पासवर्ड दुसऱ्याने ठेवावा. टिप्सच्या ग्रुपमधून बाहेर पडा, एजंटचे नंबर ब्लॉक करा. तुमची बँक सट्ट्याचे व्यवहार अडवण्याची सोय देते का, हेही विचारा. काही बँकांत ती काढायची झाल्यास मध्ये थांबावं लागतं, आणि तेवढ्या वेळात ओढ ओसरते.

पाचवी पायरी: कर्ज

इथे मी जरा कडक बोलणार आहे. आईवडिलांनो, ठेव मोडून सगळं कर्ज एका दिवसात फेडू नका. मला कळतं, पोटचं पोर आहे, दाराशी माणसं येताहेत, चार लोकांत नाव जातंय. पण एकरकमी सुटका झाली की त्या माणसाच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होतात: पुढच्या वेळीही कुणीतरी सोडवेल, आणि आता कर्ज मिळायची दारं पुन्हा उघडली. पहिल्या सुटकेनंतर दुसरी, मोठी सुटका मागायला आलेली मुलं पाहिलेल्या घरांना विचारा.

त्याऐवजी एका मोठ्या कागदावर यादी करा. प्रत्येक ओळीत सावकाराचं किंवा कंपनीचं नाव, मूळ रक्कम, आज देणं किती, व्याज किती, हप्ता किती, काही तारण आहे का. वरचा भाग आधी: घरभाडं, वीज, किराणा, औषधं, मुलांची फी. घर चालल्याशिवाय कर्ज फिटत नाही. त्याखाली तारण असलेली कर्जं, कारण हप्ता चुकला तर घर किंवा गाडी जाते. त्याखाली बँका, कार्डं. मग मित्र आणि नातेवाईक. बँकेला फोन येण्याची वाट न पाहता स्वतःहून लिहा, उत्पन्न किती आणि किती भरता येईल ते सांगा, मुदत वाढवून मागा. ठरेल ते लेखी घ्या. जुनं फेडायला नवं कर्ज काढू नका. कुणी जामीन राहायला सांगितलं तर घरच्यांनी सही करू नये.

फेडायचं त्यानेच, आपल्या कमाईतून, दर महिन्याला थोडं थोडं, वर्षं लागली तरी. मदत करायचीच असेल, म्हणजे घरावर जप्ती येते आहे किंवा जिवाला धमक्या आहेत, तर पैसे त्याच्या हातात न देता ज्याचं देणं आहे त्याला थेट द्या, पावती घ्या, आणि चौथी पायरी पूर्ण झाल्यावरच द्या. धमकावणाऱ्या वसुलीवाल्यांचे कॉल आणि मेसेज जपून ठेवा, पोलिसांत तक्रार करता येते. कामाच्या ठिकाणचे पैसे वापरले गेले असतील तर मालकाशी बोलण्याआधी वकिलाला गाठा.

सहावी पायरी: उपचार

कुणाकडे जायचं? व्यसनमुक्तीचं काम करणारा मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ सर्वांत चांगला. तो जवळ नसेल तर नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा, ते पुढे पाठवतील. वेळ घेतानाच विचारा: जुगाराच्या रुग्णांवर काम केलंय का? ज्या ठिकाणी सट्टा बेकायदा आहे तिथले लोक डॉक्टरांकडे जायला भितात. तुम्ही तिथे आजारासाठी जाता, आणि डॉक्टरांशी झालेलं बोलणं गोपनीय असतं.

पहिल्या भेटीला जाताना बरोबर न्या: किती वर्षं, कोणता खेळ, आठवड्यात किती वेळ, एकूण देणं, दारू-तंबाखू, झोप, चालू औषधं, जीव द्यायचे विचार. डॉक्टर बहुधा एखादी प्रश्नावली भरून घेतील. त्यातली एक २००१ मध्ये कॅनडात तयार झालेली नऊ प्रश्नांची आहे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण आणि आठ किंवा जास्त गुण म्हणजे समस्या गंभीर. नैराश्य, चिंता, दारू यांची तपासणीही होते, आणि ती व्हायलाच हवी. नैराश्यावर उपचार न करता नुसता जुगार सोडवायला गेलं तर फार काळ टिकत नाही.

उपचारांत सर्वांत जास्त पाठबळ आहे ते विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराला. काही आठवडे, ठरलेल्या बैठका. त्यात नेमकं काय करतात? ओढ कधी येते याची वही ठेवायला सांगतात: वेळ, जागा, मनात काय होतं, खिशात काय होतं. मग ‘आज नशीब जोरावर आहे’, ‘आता लागणारच’, ‘मला खेळ कळतो’ असले विचार एकेक काढून तपासतात. रिकाम्या संध्याकाळी काय करायचं ते आखतात. हा भाग हलका समजू नका, कारण ज्या माणसाचे रोजचे चार तास फोनवर जात होते त्याच्यापुढे आता चार तास पडलेले असतात. औषधांबद्दल: खास जुगाराच्या विकारासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केलेलं एकही औषध नाही. दारूच्या व्यसनात दिलं जाणारं नॅलट्रेक्सोन काही डॉक्टर ओढ कमी करायला देतात. ते कुणाला चालेल, कुणाला नाही, हे यकृत आणि बाकीच्या गोळ्या पाहून डॉक्टर ठरवतात.

याच्या जोडीला गट, म्हणजे हाच नाद सोडणाऱ्यांच्या एकमेकांना आधार देणाऱ्या बैठका. गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. बारा पायऱ्यांची पद्धत, फी नाही, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी गॅम-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे. जवळ बैठक भरत नसेल तर ऑनलाइन बैठका असतात. ब्रिटनमधली गॉर्डन मूडी ही संस्था गॅम्ब्लिंग थेरपी नावाने जगभरातल्या लोकांना इंटरनेटवरून मोफत मदत करते. पहिल्या बैठकीत काही बोलायची सक्ती नसते. ऐकून या. आपण सांगितलेलं खोटं शब्दशः दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की आत काहीतरी सुटतं.

घरच्यांनीही स्वतःसाठी समुपदेशन घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन. जी बायको तीन वर्षं स्टेटमेंट तपासते आहे, रात्री दोनला उठून नवऱ्याच्या फोनचा उजेड पाहते आहे, तिची झोप आणि तब्येत हाही याच आजाराचा भाग आहे.

सातवी पायरी: ओढ आली तर, आणि पाय घसरला तर

ओढ चढते, शिखरावर जाते आणि उतरते. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. त्या वेळासाठी आधीच ठरवून ठेवा: फोन घरात ठेवून बाहेर चालायला जायचं, ठरलेल्या माणसाला फोन करायचा, अंघोळ करायची. ‘कधीच खेळणार नाही’ असं स्वतःला बजावण्यापेक्षा ‘तीस मिनिटं नाही’ हे पाळता येतं. धोक्याचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा: पगाराचा दिवस, मोठ्या सामन्यांचे दिवस, घरात भांडण झालेली संध्याकाळ, प्रवासातली एकटी रात्र. मोठी स्पर्धा सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांची एक जास्तीची वेळ घ्या.

मधे एखादा डाव खेळला जातो. पुष्कळांच्या बाबतीत जातो. त्या रात्री मनात पुन्हा तोच जुना विचार येतो, की आजचे तेवढे वसूल करतो आणि मग बंद. त्याच क्षणी उठायचं, हरलेली रक्कम गेली म्हणून कागदावर लिहायची, आणि चोवीस तासांच्या आत त्या एका माणसाला सांगायचं. घरच्यांनी ऐकून घ्यावं, पैसा कुठल्या वाटेने बाहेर गेला ते विचारावं, आणि ती वाट बंद करावी. उपचार पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते; पुढची वेळ लवकरची घ्या.

पैशांचा ताबा परत कधी द्यायचा, हा प्रश्न सहा महिन्यांनी हमखास येतो, बहुधा थोड्या रागातून. एकदम सगळं देऊ नका. आधी आठवड्याचा खर्च, पावत्यांसकट. तो दोन-तीन महिने नीट चालला की महिन्याचा. मग मर्यादा घातलेलं कार्ड. स्टेटमेंट दोघांनी महिन्यातून एकदा एकत्र वाचायचं, ठरलेल्या तारखेला, चहा घेता घेता, तपासणीचा आव न आणता. क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट आणि ओटीपीचा नंबर सगळ्यात शेवटी, उपचार करणाऱ्याशी बोलून. स्वतःला वगळण्याची मुदत संपण्याची तारीख आत्ताच लिहून ठेवा आणि तिच्या एक महिना आधी ती वाढवून घ्या.